शाळेतल्या बाईंनी मुलांचे बूट घातले आणि थेट बर्फाळ ज्वालामुखीचा माथा गाठला

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टकोमा नावाचं शहर आहे. आभाळ स्वच्छ असलं की तिथून एक पांढराशुभ्र डोंगर दिसतो. नाव माउंट रेनियर, उंची १४,४१० फूट. लांबून शांत दिसतो, पण आहे ज्वालामुखी. अंगावर हिमनद्या आणि पोटात आग.

या डोंगराच्या माथ्यावर पोहोचल्याची नोंद असलेली पहिली महिला म्हणजे फे फुलर.

१८६९ साली न्यू जर्सीत जन्मलेली फे बारा वर्षांची असताना घरच्यांसोबत टकोमाला आली. शिकली आणि येल्म गावात शिक्षिका झाली. एकदा तिच्या शाळेत फिलेमन व्हॅन ट्रम्प आले. १८७० साली हॅझर्ड स्टीव्हन्स यांच्यासोबत रेनियरची पहिली नोंदलेली चढाई करणारे हेच ते. त्यांचे अनुभव ऐकून मुलं खूश झाली, पण डोंगराचं खरं वेड लागलं ते बाईंना.

१८८७ साली तिने पहिला प्रयत्न केला. साधारण ८,५०० फुटांवरून परत यावं लागलं. माथा राहिला तो राहिलाच.

तीन वर्षांनी, १८९० च्या ऑगस्टमध्ये, ती पुन्हा निघाली. आता अडचण होती कपड्यांची. तेव्हा बायकांनी पायघोळ झगे घालायची रीत होती. असा झगा घालून बर्फ चढायचा म्हणजे पाय अडकून दरीत जायची हमी. मग फेने जाड फ्लॅनेलचा निळा पोशाख शिवून घेतला, खाली घोळदार विजार. बायकांसाठी गिर्यारोहणाचे बूट मिळत नव्हते, म्हणून मुलांचे दणकट बूट घेतले. काठी तयार झाली फावड्याच्या दांड्यापासून. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने चेहरा भाजू नये म्हणून तोंडाला कोळसा फासला.

एवढी तयारी करून ती चार पुरुषांसोबत चढाईला निघाली.

वाटेत जिब्राल्टर नावाचा कडा लागतो. इथे बर्फ फोडत पायऱ्या कराव्या लागतात आणि वरून दगड सुटतात. एका अवघड जागी सोबत्यांनी मदतीसाठी हात पुढे केला. फेने तो घेतला नाही. स्वतःच्या बळावर जमत नसेल, तर माथ्यावर जायचा आपल्याला हक्क नाही, असं तिचं म्हणणं होतं.

१० ऑगस्ट १८९०, दुपारचे साडेचार. विशीतली ही शिक्षिका माथ्यावर उभी होती.

पण इतक्या उशिरा खाली उतरणं म्हणजे मरणाला बोलावणं. मग रात्र काढायची कुठे? इथे तोच ज्वालामुखी कामी आला. त्याच्या विवरात जमिनीतून गरम वाफ येते. या वाफेने बर्फ वितळून तिथे गुहा तयार झाल्या आहेत. त्यांच्याच आसऱ्याने सगळ्यांनी रात्र काढली. एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला बर्फ.

खाली आल्यावर कौतुक झालं, तशी नावंही ठेवली गेली. तिचा पोशाख बाईमाणसाला शोभणारा नाही, असं लोक म्हणू लागले. फेने वाद घालत बसण्यापेक्षा लेखणी उचलली. तिच्या वडिलांचं वर्तमानपत्र होतं. त्यात ती बातमीदारी करू लागली, डोंगरांबद्दल लिहू लागली आणि बायकांना चढाईसाठी बोलावू लागली.

१८९४ साली ओरेगॉनमधल्या माउंट हूडच्या माथ्यावर ‘मझामाज’ हा गिर्यारोहण क्लब स्थापन झाला. माउंट हूड हाही असाच हिमनद्यांचा ज्वालामुखी. क्लबचं सदस्य व्हायची अट एकच होती, हिमनदी असलेल्या डोंगराचा माथा गाठलेला असावा. तिथे बाई आणि पुरुष असा भेद नव्हता. संस्थापक सदस्यांमध्ये फे होती. १८९७ साली याच क्लबसोबत ती पुन्हा रेनियर चढली.

पुढे ती न्यूयॉर्कला गेली, तिथे पत्रकारिता केली आणि एका वकिलाशी लग्न केलं. १९५८ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, तिचं निधन झालं.

आज रेनियरच्या बर्फावर बायका दोर बांधून माथ्याकडे जातात, पाठीवर स्की घेऊन चढतात आणि सुसाट घसरत खाली येतात. त्यांनी काय घातलंय, याची चर्चा कोणी करत नाही. आणि त्याच परिसरातलं एक शिखर आज फे पीक या नावाने ओळखलं जातं.