व्यक्ती तितक्या प्रकृती : कोरियन वैद्य ली जे-मा

(द्वितीय वर्ष, कला)

व्यक्ती तितक्या प्रकृती असे आपण बोलताबोलता म्हणून जातो. एकाच घरातील दोन भावंडांना एकाच दिवशी ताप येतो. आई दोघांनाही एकच काढा देते. एक दुसऱ्या दिवशी खेळायला पळतो, तर दुसरा चार दिवस अंथरूण सोडत नाही. असे का व्हावे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. कोरियातील एका माणसाने मात्र या प्रश्नापायी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. त्या माणसाचे नाव ली जे-मा.

जे-मा यांचा जन्म १८३७ साली, आज उत्तर कोरियात असलेल्या हामहुंग या गावी झाला. त्या काळी कोरियावर जोसन घराण्याचे राज्य होते आणि समाजात घराण्याला फार महत्त्व होते. जे-मा यांचे वडील कुलीन घरातले, पण आई एका खानावळवाल्याची मुलगी, तीही लग्नाची बायको नव्हे. अशा मुलाला समाजात मानाची जागा मिळणे कठीण असे.

त्यांच्या नावाची एक कथा सांगतात. एका पहाटे आजोबांना स्वप्न पडले. कोणी एक माणूस जेजू बेटावरचा उमदा घोडा घेऊन दारी आला आणि याची पारख कोणाला नाही, तेव्हा आपणच याला ठेवून घ्यावे, अशी विनवणी करू लागला. आजोबा जागे होतात तो दारात एक स्त्री तान्हे मूल घेऊन उभी! आजोबांनी ते मूल घरात घेतले व त्याचे नाव ठेवले जे-मा, म्हणजे जेजूचा घोडा. कथा खरी असो वा नसो, एका म्हाताऱ्याने उंबऱ्याबाहेरचे मूल आत घेतले, एवढे मात्र त्या नावात कायमचे राहिले.

पोरवयातच वडिलांचे व आजोबांचे छत्र हरपले आणि जे-मा घराबाहेर पडले. पुढे त्यांनी गावोगाव भटकंती केली, पुष्कळ वाचले. युद्धविद्येची त्यांना ओढ होती. त्यांनी स्वतःसाठी घेतलेल्या दोंगमु या नावाचा अर्थच मुळी पूर्वेचा योद्धा असा होतो. चाळिशीच्या सुमारास ते सरकारी नोकरीत शिरले आणि पुढे काही वर्षे दक्षिण किनाऱ्यावरील जिन्हे येथे त्यांनी अधिकारी म्हणून कारभार पाहिला.

असा हा शिपाईगडी वैद्यकाकडे वळला याला एक कारण त्यांचे स्वतःचे दुखणे होते. घास गिळता येत नसे, सहा-सात वर्षे तोंडातून फेसाळ ओकाऱ्या होत, पाय लुळे पडत. पुढे कित्येक वर्षे पथ्य व संयम पाळून त्यांनी स्वतःला जगवले. इतरांना लागू पडणारी औषधे आपल्याला का लागू पडत नाहीत, या प्रश्नातून त्यांची विद्या वाढली.

कोरियात त्यापूर्वी मोठे वैद्य झाले नव्हते असे नाही. १६१३ साली छापलेला हो जून यांचा विशाल ग्रंथ प्रमाण मानला जाई. पण वैद्याची दृष्टी मुख्यतः रोगाकडे असे. जे-मा यांनी ती रोग्याकडे वळवली. माणसे जन्मतःच चार प्रकारची असतात, असे त्यांनी मांडले. या पद्धतीला सासांग म्हणजे चार रूपांचे वैद्यक म्हणतात. आपल्या आयुर्वेदातील वात, पित्त, कफ प्रकृतीची येथे आठवण होते; पण जे-मा यांची मांडणी वेगळी आहे आणि ती मनाच्या स्वभावाला फार जवळची आहे.

पहिला प्रकार ते-यांग. याची फुफ्फुसे सबळ, यकृत दुर्बळ. हा माणूस पुढे जाणे जाणतो, माघार जाणत नाही. अनोळखी माणसांत सहज मिसळतो, पण उतावीळ आणि रागीट. दुसरा सो-यांग. याची प्लीहा सबळ, मूत्रपिंडे दुर्बळ. धाडसी, उत्साही, बाहेरची दहा कामे अंगावर घेणारा. घराकडे मात्र दुर्लक्ष, आणि मनात कसली तरी धास्ती. तिसरा ते-उम. याचे यकृत सबळ, फुफ्फुसे दुर्बळ. चिकाटीने काम तडीस नेणारा, पण जागचा हलायला नाखूश, भित्रा आणि लोभाकडे झुकणारा. चौथा सो-उम. याची मूत्रपिंडे सबळ, प्लीहा दुर्बळ. नीटनेटका, बारीक लक्ष देणारा, घरात रमणारा, पण जिवाला सतत घोर लावून घेणारा. येथे सबळ-दुर्बळ याचा अर्थ अवयवाची लांबी-रुंदी नव्हे, त्याच्या कार्याचा जोर असा घ्यायचा. कोरियाचे प्रसिद्ध जिनसेंग हे मूळही त्यांनी सो-उम माणसाचे औषध ठरवले, सर्वांचे नव्हे.

दहा हजार वस्तीच्या भागात सुमारे पाच हजार ते-उम, तीन हजार सो-यांग व दोन हजार सो-उम असतात. ते-यांग मात्र तीन-चार ते दहा-बारा, असा त्यांचा अंदाज होता. स्वतःला ते या मूठभरांतच धरीत.

१८९३ ते १८९४ या काळात सोल येथे त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला. पुढे ते हामहुंगला परतले, तेथे एका बंडाच्या बंदोबस्तातही त्यांनी भाग घेतला. काही काळ गोवॉन येथे अधिकारपद सांभाळून अखेरीस गावी दवाखाना काढला आणि रोगी तपासता तपासता ग्रंथ सुधारीत राहिले. १९०० साली त्यांचे निधन झाले तेव्हा शेवटचा भाग सुधारायचा राहूनच गेला होता. १९०१ साली शिष्यांनी तो ग्रंथ छापला. घरोघरी वैद्यकाची जाण असावी, ही त्यांची इच्छा होती.

वाचकहो, हे सर्व वाचताना माझ्या मनात एक शंका आली. माझ्या आधी आमच्या घरातून कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. शाळेत माझा निबंध पहिला आला तेव्हा, तो कोणी लिहून दिला, असे मला विचारण्यात आले होते. जन्मावरून माणसाची कुवत ठरवली की काय वाटते, ते मला ठाऊक आहे. मग जे-मा तरी वेगळे काय करतात? तेही जन्मावरूनच माणसाला चारांपैकी एका खणात बसवतात ना?

उत्तर त्यांच्याच ग्रंथात मिळाले. चारही प्रकारांत एक अवयव सबळ व एक दुर्बळ आहेच. उणीव नसलेला कोणी नाही. आणि हृदय त्यांनी या वाटणीतून वेगळे काढून सर्वांवर राजा म्हणून बसवले. अवयवांच्या बाबतीत संत आणि सामान्य माणूस सारखेच. फरक पडतो तो हाव किती यावरून, असे ते मानत. म्हणून त्यांचा उपचार केवळ मुळ्या-पाल्यांचा नाही. ते-यांगने एक पाऊल मागे घ्यावे, सो-उमने एक पाऊल पुढे टाकावे, सो-यांगने आत पाहावे, ते-उमने बाहेर पाहावे. प्रकृती जन्माने मिळते, पण तिच्याशी कसे वागायचे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

ही विभागणी आधुनिक विज्ञानाच्या कसोटीवर पूर्ण उतरली आहे असे म्हणता येत नाही. एकाच माणसाला दोन वैद्य दोन प्रकारांत घालू शकतात. तरीही दक्षिण कोरियात कोरियन वैद्यकाच्या महाविद्यालयांतून ती आजही शिकवली जाते. मला मात्र त्या विद्येमागचा माणूस अधिक मोलाचा वाटतो. उंबऱ्याबाहेर जन्मलेल्या या मुलाने माणसांची वर्गवारी केली खरी, पण त्या चार वर्गांत वरचा आणि खालचा असा एकही ठेवला नाही.