मताची राखण करणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं चरित्र आपल्या घरातल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. महाडचं चवदार तळं, काळाराम मंदिर, राज्यघटना, दीक्षाभूमी हे प्रसंग आपण दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ऐकतो. पण बाबासाहेबांच्या एका कामाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ते काम म्हणजे मताचा अधिकार मिळवणं आणि मिळालेल्या मताची राखण करणं. १९१९ पासून १९५४ पर्यंत, पस्तीस वर्षं त्यांनी हे काम सोडलं नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्या आयुष्याची तेवढीच एक बाजू उपासक-उपासिकांपुढे ठेवत आहोत.

मत मागण्यापासून सुरुवात

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. परदेशात शिकून आल्यावर १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच सुमारास मत कुणाकुणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी इंग्रज सरकारने साउथबरो कमिटी नेमली. जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तावीस.

त्या काळी जमीनजुमला आणि सारा-पट्टी बघून मत मिळायचं. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला धंदा करू देत नाहीत, शाळेत बसू देत नाहीत, त्याला मत कुठून मिळणार? म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना निवडू द्या, असं त्यांनी सांगितलं. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी वयात आलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मागितलं. त्या वेळी मोठमोठे शिकलेले पुढारीसुद्धा म्हणत होते की, अडाणी माणसाच्या हातात मत देणं धोक्याचं आहे. बाबासाहेबांचा विचार उलटा होता. सार्वजनिक कारभारात भाग घेतल्यानेच माणूस शहाणा होतो, असं त्यांचं मत होतं.

गोलमेज परिषद आणि १९३२ सालचा पुणे करार आपल्याला माहीत आहेच. राखीव जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा आपली, पण उमेदवार निवडायचा इतरांच्या मतांनी, ही अडचण बाबासाहेब पुढे वारंवार मांडत राहिले. १९३७ च्या निवडणुकीत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई इलाख्यात चांगला निवडून आला. १९४६ ला मात्र शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा मोठा पराभव झाला आणि बाबासाहेबांना घटना समितीत बंगालमधून निवडून जावं लागलं. म्हणजे निवडणुकीतलं जिंकणं आणि हरणं दोन्ही त्यांनी अंगावर घेतलं होतं.

घटनेत केलेली तजवीज

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेच्या पहिल्या मसुद्यात केंद्राच्या निवडणुकीसाठी एक आयोग आणि प्रांतांसाठी वेगळे आयोग असं ठरलं होतं. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत हे कलम बदलून आणलं आणि साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग ठेवला. तेच आजचं ३२४ वं कलम.

हा बदल का केला, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या, वेगळ्या भाषेच्या लोकांची नावं मतदार यादीत येऊच नयेत अशी व्यवस्था तिथली सरकारं करत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्याही तशा तक्रारी होत्या. मताचा हक्क कागदावर आहे, पण यादीत नाव नाही, तर तो हक्क काय कामाचा? पेटी फोडायची गरज नाही, यादीतून नाव उडवलं की माणूस संपला. हे बाबासाहेबांनी नेमकं ओळखलं. ज्याला सत्ता टिकवायची आहे, त्याच्या हातात यादी ठेवायची नाही, म्हणून आयोग वेगळा. धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, हे ३२५ वं कलम. प्रत्येक प्रौढाला मत, हे ३२६ वं. तेव्हा वयाची अट २१ होती, १९८९ पासून ती १८ झाली.

मुख्य निवडणूक आयुक्ताला सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाप्रमाणेच सहजासहजी काढता येणार नाही, अशीही तरतूद झाली. पण त्याला नेमायचं कुणी? यावर हृदयनाथ कुंझरू आणि शिब्बनलाल सक्सेना यांनी कडक प्रश्न विचारले. सरकारनेच आपल्या मर्जीतला माणूस नेमला तर काय, असा त्यांचा सवाल होता. बाबासाहेबांनी तो उडवून लावला नाही. या जागी अयोग्य माणूस नेमला जाण्याला घटनेत अटकाव नाही, हे त्यांनी भर सभागृहात मान्य केलं. आपण केलेल्या कामातली कच्ची जागा स्वतःच दाखवायला मोठं मन लागतं. शेवटी नेमणुकीचा कायदा संसदेने करावा, असं घटनेत ठेवलं गेलं. तो कायदा व्हायला २०२३ उजाडलं. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवड समितीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश असावेत असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. म्हणजे १९४९ सालचा तो वाद अजून मिटलेला नाही.

स्वतःचीच निवडणूक हरले

कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी निवडणुकीचे कायदे संसदेत मांडले, आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन बाहेर पडले. मग पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजवटीत साध्या रयतेला असं मत कधी नव्हतं. आपल्या वाडवडिलांनी मत दिलं ते हैदराबादच्या विधानसभेसाठी.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते. तिथून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव. मतदाराला दोन मतं होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकायची नाहीत, टाकली तर एक बाद. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले, आणि बाद मतं निघाली ७४ हजारांहून जास्त! घटनेचा शिल्पकार पहिल्याच निवडणुकीत पडला.

दुसरं मत मुद्दाम जाळायला लावलं, असा आरोप बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी केला. त्यांचा रोख कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे आणि इतरांवर होता. दोघांनी कायद्याप्रमाणे निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. बाबासाहेबांना मानणारी हजारो माणसं मुंबईत होती, पण त्यांनी रस्त्यावर दंगा करायला सांगितलं नाही. कायद्याचा दरवाजा ठोठावला, निकाल मानला आणि राज्यसभेत जाऊन काम चालू ठेवलं.

१९५४ मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तिथेही दोन जागा, दोन मतं. तेव्हाची एक आठवण सांगितली जाते. दुसरं मत जाळलं तर बाबासाहेबांची जागा नक्की येईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. जे मुंबईत आपल्यावर उलटलं, तेच दुसऱ्यावर उलटवायचं नाही. भंडाऱ्यात ते सुमारे आठ हजार मतांनी हरले. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत.

आपल्या हातात काय आहे?

बांधवांनो, बाबासाहेबांच्या नावाने आपण मिरवणूक काढतो. त्याच्याबरोबर यादीही काढली पाहिजे. रेणापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत गेला, आपण लातूर ग्रामीणमध्ये आलो. ऊसतोडीला गेलेली जोडपी, लातूर-पुण्याला कामाला गेलेली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, यांची नावं यादीत आहेत का? कच्ची यादी लागते तेव्हा किती जण जाऊन बघतात? नवीन नावाला सहा नंबरचा फॉर्म आहे, दुरुस्तीला आठ नंबरचा. सात नंबरच्या फॉर्मने नाव कमी होतं, म्हणून तो कुणी आपल्या नावावर भरला का, तेही बघावं. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या पोराला वर्षभर थांबावं लागत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी यंत्र सुरू होण्याआधी पोलिंग एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकून ते तपासतात. संध्याकाळी किती मतं पडली याचा सतरा-सी नमुन्यातला हिशेब एजंटाला मिळतो. आपल्या शिकलेल्या पोरांनी तिथे बसावं, तो कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. आणि मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकीट येतं, तेव्हा भंडाऱ्याची गोष्ट आठवावी. एका चुकीच्या मताने स्वतःची जागा मिळत असतानाही त्या माणसाने ते घेतलं नाही. मग आपण आपलं मत पाचशे रुपयाला कसं देणार?

जय भीम!