ट्रॅक्टरवाल्याचा फोर बाय फोर हट्ट

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाकडे थार असेल, तर गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा छोटा दांडा तुम्ही पाहिलाच असेल. तो ट्रान्सफर केसचा. गिअरबॉक्समधून आलेली इंजिनाची ताकद ही पेटी पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना देते. फोर बाय फोर टाकलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात. चिखलात हे एकदम भारी. पण कोरड्या डांबरावर? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. जखडलेल्या पेटीत हा फरक जिरत नाही. मग टायर घासतात, गिअरवर ताण येतो.

हा गुंता सोडवायला हॅरी फर्ग्युसननं आयुष्याची शेवटची वर्षं दिली. हो, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमधला तोच फर्ग्युसन!

१८८४ मध्ये आयर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या पठ्ठ्यानं १९०९ मध्ये स्वतः बनवलेलं विमान उडवलं. पुढे ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडायची हायड्रॉलिक पद्धत आणली. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसतं हस्तांदोलन करून करार केला. फोर्डच्या नातवानं तो मोडल्यावर कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर मिळवले.

एवढ्यावर कुणीही निवांत बसलं असतं ना? पण साध्या मोटारी घसरून होणारे अपघात त्याला खुपत होते. चारही चाकांना कायम ताकद हवी, तीही घरच्या गाडीत, हा त्याचा हट्ट. त्याच्या इंजिनीअरांनी पेटीत मधला डिफरन्शियल बसवला. त्यामुळे पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू लागली. आणि एक बाजू फारच घसरायला लागली, तर पेटी तिला आवरायची. मोटार कंपन्यांनी मात्र फारसं मनावर घेतलं नाही.

ऑक्टोबर १९६० मध्ये फर्ग्युसन गेला. पुढच्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या ओल्टन पार्कवर स्टर्लिंग मॉसनं फर्ग्युसन पी ९९ ही त्याच्या पद्धतीची फॉर्म्युला वन गाडी पळवली आणि रेस जिंकली. फोर व्हील ड्राइव्ह गाडीनं जिंकलेली ती आजवरची एकमेव फॉर्म्युला वन रेस. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या कारमधून त्याची पद्धत रस्त्यावरही आली. त्यानं यातलं काहीच पाहिलं नाही.

आता एखाद्या कारच्या मागे ‘एडब्ल्यूडी’ दिसलं, की या ट्रॅक्टरवाल्याला आठवा.