फाळक्यांचा कॅमेरा आणि माझं बजेट

मागच्या सेमिस्टरला मी एक सेकंड हँड फिल्म कॅमेरा घेतला. मेसचे वाचवलेले पैसे आणि दिवाळीला आजीने दिलेली ओवाळणी, सगळं बॉडी आणि 50 एमएमच्या लेन्सवर गेलं. रूमवर आल्यावर पार्टनरने फक्त एवढंच विचारलं, की रोल कुठे आहे? झालं! रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग यांचा हिशेब मी केलाच नव्हता. दोन महिने कॅमेरा कपाटात पडून. विकून टाकावा असंही मनात आलं. त्याच दिवसांत लायब्ररीत दादासाहेब फाळक्यांचं चरित्र हाती लागलं.

मित्रांनो, फाळके म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक, एवढंच आपण जीकेसाठी पाठ करतो. पण हा माणूस आतून पक्का इंजिनीअर होता. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. 1890 मध्ये साधा कॅमेरा घेऊन फोटो धुण्याचे, छापण्याचे प्रयोग सुरू केले. गोध्र्याला स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. पुढे सरकारी नोकरी, छापखाना... सगळं करून झालं. 1911 च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि चाळिशी उलटलेल्या या गृहस्थाने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. दिवसरात्र अभ्यास करून डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. उपचाराने दृष्टी परत आली, तरी वेड काही गेलं नाही.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम नीट बघून घेतलं आणि सुमारे 50 पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. खरी हुशारी पुढे आहे. सगळे पैसे त्यांनी कॅमेऱ्यात घातले नाहीत. कच्ची फिल्म घेतली आणि तिच्या कडांना छिद्रं पाडायचं यंत्रही घेतलं. कारण फिल्म छिद्रांशिवाय यायची, आणि छिद्रं नसली तर ती कॅमेऱ्यात पुढे सरकणारच कशी?

परत आल्यावर लगेच मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म खर्च करत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना पाहून पैसे देणाऱ्याचाही विश्वास बसला. आजच्या भाषेत टाइमलॅप्स!

मग राजा हरिश्चंद्र. घर हाच कारखाना. पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला छिद्रं पाडत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत. जरा गणित करा : एका फुटात 16 चौकटी, प्रत्येकीला दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे 128 छिद्रं. चित्रपट सुमारे 3700 फूट. एका प्रतीलाच पावणेपाच लाख छिद्रं झाली की! भांडवलासाठी त्यांनी दागिनेही दिले. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

शेवट मात्र वाईट वाटायला लावतो. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना संपला. 1937 चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले, तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

असो. मी कॅमेरा विकला नाही. महिनाभर कॅन्टीनचा चहा बंद करून एक रोल घेतला. 36 फोटो. पहिला काढला आमच्या मेसच्या मावशींचा, पोळ्या लाटताना. जरा हललाय, पण आलाय!

पहिला कॅमेरा घेणाऱ्या ज्युनिअर्सना एकच सांगणं : बजेटचे दोन भाग करा. एक कॅमेऱ्यासाठी, दुसरा त्याच्यामागच्या कामासाठी. आणि सुरुवात वाटाण्यापासून करा.