हेन्री जॉर्ज

हेन्री जॉर्ज (२ सप्टेंबर, १८३९ : फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया - २९ ऑक्टोबर, १८९७ : न्यू यॉर्क) हे एक अमेरिकन पत्रकार, अर्थचिंतक आणि समाजसुधारक होते. शासनाने आपला महसूल श्रम, उत्पादन वा व्यापार यांवर कर लादून गोळा करू नये, तर केवळ जमिनीच्या मूल्यावर कर बसवून उभा करावा, हा विचार त्यांनी मांडला. तो पुढे ‘एकमेव कर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १८७९ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय.

प्रारंभिक जीवन

जॉर्ज यांचा जन्म एका मध्यमवर्गीय, धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते दुसरे होते. वडील काही काळ धार्मिक पुस्तकांच्या प्रकाशनाचा व्यवसाय करीत. वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वीच त्यांचे शालेय शिक्षण संपले. १८५५ मध्ये ते ‘हिंदू’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून रुजू झाले आणि मेलबर्नमार्गे कोलकात्यापर्यंत गेले. हुगळीच्या काठी दिसलेले वैभव आणि त्याच्या शेजारचे दारिद्र्य यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

परत आल्यावर ते छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकले. १८५८ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ॲनी फॉक्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील काही वर्षे अत्यंत हलाखीची होती. १८६५ च्या जानेवारीत दुसरा मुलगा झाला, त्या वेळी घरात अन्नही नव्हते. जॉर्ज यांनी रस्त्यावर एका अनोळखी गृहस्थाला गाठून पाच डॉलर मागितले आणि ते मिळाले. नकार मिळाला असता तर आपल्या हातून हिंसा घडली असती, असे त्यांनी पुढे सांगितले.

पत्रकारिता आणि ग्रंथलेखन

खिळे जुळविता जुळविता जॉर्ज लेखनाकडे वळले आणि सॅन फ्रान्सिस्कोतील वृत्तपत्रांत संपादक झाले. १८६८ मध्ये त्यांनी येऊ घातलेल्या आंतरखंडीय रेल्वेविषयी लेख लिहिला. रेल्वेमुळे संपत्ती वाढेल, पण तिचा लाभ मुख्यतः ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे त्यांना होईल, असे भाकीत त्यात होते. पुढे ओकलंडजवळ घोड्यावरून फेरफटका मारताना त्यांनी एका गाडीवानाला तेथील जमिनीचा भाव विचारला. दूरवर गुरे चरत असलेल्या ओसाड माळरानाचा एकरी भाव हजार डॉलर असल्याचे त्याने सांगितले. लोकवस्ती वाढते तशी जमिनीची किंमत वाढते आणि जमिनीवर काम करणाऱ्याला वाढता मोबदला द्यावा लागतो, हे सूत्र त्यांना त्या क्षणी उमगले. १८७१ मध्ये त्यांनी ते एका पुस्तिकेत मांडले.

‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ छापण्यास प्रारंभी प्रकाशक तयार नव्हते. १८७९ मध्ये लेखकाची आवृत्ती म्हणून ते निघाले. त्याचे काही खिळे जॉर्ज यांनी स्वतः जुळविले. नंतर त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि अनेक भाषांत अनुवाद झाले. रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय हे जॉर्ज यांच्या विचारांचे समर्थक होते.

करविषयक विचार

जॉर्ज यांच्या काळात अमेरिकेतील संघीय शासनाचा महसूल मुख्यतः आयात जकातीतून येत असे, तर राज्ये व नगरपालिका सर्वसाधारण मालमत्ता करावर अवलंबून होत्या. जॉर्ज यांनी प्रत्येक कराला एकच प्रश्न विचारला : या करामुळे ज्या गोष्टीवर तो बसतो ती कमी होते काय?

वस्तूंवरील कर किंमतीत मिसळतो आणि अखेरीस ग्राहकाच्या खिशातून जातो. गरिबाच्या मिळकतीचा मोठा भाग उपभोगावरच खर्च होत असल्याने त्याचा भार त्याच्यावर अधिक पडतो. प्राप्तिकराचा हेतू जॉर्ज यांना चांगला वाटे. परंतु त्यासाठी खासगी व्यवहारांची चौकशी करणारी मोठी यंत्रणा लागते, लाचलुचपत व खोटी विवरणे वाढतात आणि मेहनत करून अधिक मिळविणाऱ्यास दंड होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रचलित मालमत्ता करात जमीन आणि इमारत यांची सरमिसळ असते. शेजारी शेजारी दोन सारखे भूखंड असले आणि एकाने घर बांधले, तर त्याची घरपट्टी वाढते. भाव वाढण्याची वाट पाहत जागा मोकळी ठेवणारा मात्र थोडक्यात सुटतो.

जमीन मात्र कोणी निर्माण केलेली नाही. कर लावल्याने ती घटत नाही, लपविता येत नाही वा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. भाडे हे भाडेकरूच्या ऐपतीने आणि जागेच्या मागणीने आधीच ठरलेले असल्यामुळे मालकाला हा कर भाडेकरूवर ढकलताही येत नाही. जमीन सरकारजमा करण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. ताबा मालकाकडे राहावा, पण समाजाच्या वाढीमुळे निर्माण झालेला खंड समाजाकडे परत यावा, एवढेच त्यांना हवे होते.

टीका

विद्यापीठीय अर्थशास्त्रज्ञांनी या सिद्धांतावर कठोर टीका केली. बाजारभावाने प्रामाणिकपणे जमीन विकत घेणाऱ्याला भरपाई न देता त्याच्या गुंतवणुकीचे मूल्य काढून घेणे अन्यायाचे आहे, हा मुख्य आक्षेप होता. सेलिग्मन यांच्या मते कर हा देणाऱ्याच्या ऐपतीशी जुळला पाहिजे. मोठे उत्पन्न असूनही जमीन नसलेला धनिक जॉर्ज यांच्या योजनेत मोकळा सुटतो, तर जमीन असून रोख उत्पन्न नसलेला अडचणीत येतो. जमिनीचे मूल्य इमारतीपासून वेगळे काढणे कठीण आहे, हाही आक्षेप घेतला गेला. कार्ल मार्क्स यांनी ही योजना भांडवलशाही वाचविण्याचा प्रयत्न असल्याचे मानले.

राजकारण आणि मृत्यू

१८८० मध्ये जॉर्ज न्यू यॉर्कला स्थायिक झाले. आयर्लंडमधील कुळांच्या चळवळीचे वार्तांकन करताना त्यांना तेथे अटकही झाली. १८८६ मध्ये कामगार संघटनांनी त्यांना न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी उभे केले. ॲब्राम ह्युइट विजयी झाले. जॉर्ज यांना ६८,११० मते मिळून ते दुसरे आले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तिसरे राहिले. १८९७ मध्ये डॉक्टरांचा सल्ला डावलून ते पुन्हा उभे राहिले. मतदानाला चार दिवस उरले असताना पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. अंत्यदर्शनासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला होता. ब्रुकलिनमधील ग्रीन-वूड दफनभूमीत त्यांचे थडगे आहे.

प्रभाव

अमेरिकेतील राज्यांनी जॉर्ज यांचा मार्ग पूर्णपणे स्वीकारला नाही. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये प्राप्तिकर, तर मिसिसिपीने १९३२ मध्ये सार्वत्रिक विक्रीकर लागू केला. महामंदीच्या काळात इतर अनेक राज्यांनी विक्रीकराची वाट धरली आणि मालमत्ता कर प्रामुख्याने स्थानिक संस्थांकडे राहिला. पिट्सबर्ग शहरात मात्र १९१३ च्या कायद्यानुसार इमारतींपेक्षा जमिनीवर अधिक दराने कर आकारण्यास सुरुवात झाली आणि ही पद्धत २००१ पर्यंत टिकली. चिनी नेते सुन यत्-सेन यांच्यामार्फत हा विचार पूर्व आशियात पोहोचला. तैवानमध्ये जमीनमूल्य कर आजही आहे. डेन्मार्कमध्येही जमिनीवर स्वतंत्र कर आकारला जातो. लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला, ‘मोनोपॉली’चा पूर्वज असलेला खेळ जॉर्ज यांचा सिद्धांत समजावण्यासाठीच तयार केला होता.

ज्या कॅलिफोर्नियात हा सिद्धांत जन्मला, तेथील मतदारांनी १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ संमत करून मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर आणि करपात्र मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर मर्यादित केली. मालमत्ता विकली जाईपर्यंत तिचे मूल्यांकन बाजारभावाशी जुळविले जात नाही. त्यामुळे तेथे शेजारच्या दोन सारख्या घरांच्या करांत मोठी तफावत आढळते आणि जमिनीच्या वाढत्या किंमतीचा बहुतांश लाभ जुन्या मालकाकडेच राहतो.