पत्ते पिसणारा ‘स्टुडंट’

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं पहिलं प्रेझेंटेशन आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. विषय होता बेअरिंगच्या आयुष्याचा अंदाज. ‘आर’मध्ये सिम्युलेशन लिहिलं, मेसवरून आल्यावर रन लावला आणि लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही अशी रूममेट्सना तंबी देऊन झोपलो. सकाळी दहा हजार फेऱ्या पूर्ण! सरासरी स्लाइडवर टाकली. ‘आर’ बंद करताना ते विचारतं ना, वर्कस्पेस सेव्ह करायची का म्हणून? मी सवयीने ‘नो’ दाबलं.

प्रेझेंटेशनमध्ये सरांनी विचारलं, सरासरी ठीक आहे, पण या दहा हजारांतली किती बेअरिंग पहिल्या वर्षातच गेली? उत्तर त्या दहा हजार आकड्यांतच होतं, आणि ते आकडे मी स्वतःच घालवले होते. रात्री पुन्हा रन लावला तर सरासरी थोडी वेगळीच आली, कारण सीडही दिलेला नव्हता. आता कालचा आकडा खरा की आजचा? सर रागावले नाहीत. गॉसेट वाच, एवढंच म्हणाले.

विल्यम सीली गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरीला झाला. वडील सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्स दलात कर्नल. यालाही तिथेच जायचं होतं, पण नजर अधू असल्याने संधी हुकली. (पहिली पसंती हुकलेला माणूस म्हटल्यावर तो मला लगेच आपल्या होस्टेलचा वाटू लागला.) मग ऑक्सफर्डला आधी गणित आणि नंतर रसायनशास्त्र करून १८९९ मध्ये तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. हो, बिअर बनवणारी गिनेस! त्या काळात ही कंपनी विज्ञान शिकलेली ताजी पोरं मुद्दाम भरती करत होती.

त्याची अडचण आपल्या लॅबसारखीच होती: निरीक्षणं कमी. बार्लीचं एखादं वाण चांगलं आहे का हे बघायचं तर पेरणी, कापणी, मग माल्ट... वर्षभराने हाती येणार तीन-चार आकडे. संख्याशास्त्राच्या तेव्हाच्या रीती मात्र शेकडो निरीक्षणांसाठी होत्या. चारच आकड्यांवरून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन स्वतःच इतकं डळमळीत असतं की नेहमीचा नॉर्मल तक्ता लावला की नसलेली खात्री वाटायला लागते. ९५ टक्क्यांसाठी आपण १.९६ घेतो; चार निरीक्षणांना आजच्या टी-तक्त्यात ३.१८ लागतात. केवढा फरक!

१९०४ मध्ये त्याने कंपनीसाठी या विषयावर अहवाल लिहिला. पुढच्या उन्हाळ्यात कार्ल पिअर्सनला भेटायला गेला, तेही सायकल मारत! त्यानंतर कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये वर्षभर लंडनला पिअर्सनच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पिअर्सनला लहान नमुन्यांत फारसा रस नव्हता. ते काम गॉसेटने स्वतःच्याच डोक्याने केलं. वक्राचं सूत्र त्याने मांडलं, पण त्यातल्या काही पायऱ्या सिद्ध केलेल्या नव्हत्या, अंदाजाच्या होत्या. मग ताळा कसा करायचा?

इथे खरी मजा आहे. मॅकडोनेल नावाच्या संशोधकाने १९०२ मध्ये ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचा तक्ता छापला होता. गॉसेटने ती मापं पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहिली, प्रत्येक तुकड्यावर एका माणसाची उंची आणि बोट. ते पत्त्यांसारखे खूप पिसले आणि एकेक ओढून आकडे त्याच क्रमाने वहीत उतरवले. मग ओळीने चार-चारचे गट पाडले. झाले ७५० नमुने! प्रत्येकाची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढून आलेले आकडे सूत्राशी ताडून पाहिले, आणि ते चांगले जुळले. सगळी आकडेमोड हाताने, कॉम्प्युटरचं नावही नसताना. यादृच्छिक आकड्यांचं टिपेटचं पुस्तकसुद्धा १९२७ मध्ये आलं.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाची गोष्ट ती वही. ७५० सरासऱ्या काढून झाल्यावर त्याने वही फेकली नाही. १९०८ मध्ये सरासरीवरचा निबंध छापून आला, आणि त्याच वर्षी दुसरा आला, सहसंबंधाच्या गुणकावर. माल तोच, ३००० गुन्हेगारांचा! सगळ्या तीन हजारांचा मिळून उंची आणि बोटाचा सहसंबंध ०.६६ होता, चारच माणसांत तो किती इकडेतिकडे होतो हे त्या वहीत आयतंच होतं. शिवाय एकाची उंची दुसऱ्याच्या बोटाशी जोडली की सहसंबंध शून्य असलेले नमुनेही फुकटात तयार! असे चार-चारचे नमुने घेतले तर गुणक उणे एकपासून अधिक एकपर्यंत सगळीकडे सारखाच पसरतो, वक्र म्हणजे सपाट आयत. (आपण चार रीडिंग घेऊन ०.९ आला की नाचतो, तो हाच गुणक.) त्यावरून त्याने सूत्राचा अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. रीतसर सिद्धता रोनाल्ड फिशरने १९१५ मध्ये छापली. सरासरीच्या सूत्राची सिद्धता तर फिशरने केंब्रिजला विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये, गॉसेटला पत्राने पाठवली होती. गॉसेटला ती नीट उमगली नाही, म्हणून त्याने ती सरळ पिअर्सनकडे धाडली! स्वतःच्या शोधाची सिद्धता आपल्याला कळत नाही हे मान्य करायला त्याला लाज वाटली नाही.

कंपनीचे लोक स्वतःच्या नावाने संशोधन छापत नसत, म्हणून त्याने टोपणनाव घेतलं ‘स्टुडंट’. आपण घोकतो त्या ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’मधला स्टुडंट तो हा. मी तीन वर्षं समजत होतो की विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली टेस्ट असेल!

नोकरी त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. १९३५ मध्ये कंपनीच्या लंडनच्या नव्या कारखान्यावर गेला आणि १६ ऑक्टोबर १९३७ रोजी वारला. सुतारकाम, होड्या बांधणं, मासे पकडणं हे त्याचे शौक. आकडेमोड बरेचदा हाताला येईल त्या कागदावर चालायची, म्हणूनच त्या वहीचं मला जास्त नवल वाटतं.

तुमच्या लॅपटॉपवर ‘आर’ असेल तर क्रिमटॅब असं टाइप करून बघा. तेच ३००० गुन्हेगार ४२ ओळी आणि २२ रकान्यांत उभे राहतील. फक्त गॉसेटने कोणता पत्ता कितवा ओढला तो क्रम त्यात नाही, कारण तो तक्ता मॅकडोनेलचा, निव्वळ मोजणीचा. त्यामुळे त्याचा प्रयोग करता येतो, पण अगदी त्याचेच ७५० नमुने मिळत नाहीत. मी सीड देऊन माझे पत्ते पिसले, ७५० नमुने काढले आणि सगळे सेव्हआरडीएसने फाइलमध्ये ठेवले. त्याच रात्री बेअरिंगचा रनही पुन्हा लावला, या वेळी दहा हजारच्या दहा हजार आकडे ठेवून. पुढच्या प्रेझेंटेशनला सरांनी पहिल्या वर्षाचं विचारलंच नाही. दुसऱ्या वर्षाचं विचारलं. मी फाइल उघडली.