प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर

विद्या आणि खेळ यांचें हाडवैर आहे, अशी समजूत अद्यापि पुष्कळ घरांत आढळते. आमच्या माजरीसारख्या कोळशाच्या खाणींच्या व रेल्वेच्या गांवींही मुलगा मैदानावर अधिक वेळ रमला कीं वडिलांच्या कपाळास आठी पडते. ही समजूत किती चुकीची आहे, हें पुण्याच्या प्राध्यापक देवधरांच्या चरित्रावरून उत्तम प्रकारें कळून येईल, म्हणून तें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

देवधरांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजीं पुण्यास झाला. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणें हा त्यांचा व्यवसाय व क्रिकेट ही त्यांची आवड. या दोहोंपैकीं एकीसाठीं दुसऱ्याचा त्याग त्यांनीं केला नाहीं. 1926 सालीं आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानांत आला, तेव्हां मुंबईच्या सामन्यांत देवधरांनीं 148 धावा काढल्या. त्याच दौऱ्यांत आपल्या नागपूरचे सी. के. नायडू यांनींही 153 धावांची खेळी केली. हिंदी खेळाडू इंग्रजांशीं बरोबरीनें खेळूं शकतात, हें अशा खेळींनीं जगास दिसून आलें.

पुढें 1932 सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला. नायडू कर्णधार झाले; चाळीस वर्षांच्या देवधरांस मात्र संघांत स्थान नव्हतें. कसोटी खेळण्याचा मान त्यांस पुढेंही कधीं लाभला नाहीं. मनुष्याची खरी परीक्षा अशाच प्रसंगीं होते. दुसरा एखादा रुसून घरीं बसता; देवधरांनीं बॅट खालीं ठेविली नाहीं. तरुण खेळाडूंस बरोबर घेऊन ते महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्व करीत राहिले.

त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें 1939-40 व 1940-41 अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. 1940-41 च्या मोसमांत मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या 675 धावा झाल्या व मुंबईच्या 650. त्या अटीतटीच्या सामन्यांत देवधरांनीं एकट्यांनीं 246 धावा काढल्या, आणि त्या वेळीं त्यांची पन्नाशी जवळ आली होती. पन्नाशी उलटल्यावरही, 1944-45 सालीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं दोन शतकें झळकाविलीं.

त्यांच्याच संघांत सांगलीचे विजय सॅम्युएल हजारे होते. हजारे हे एका ख्रिस्ती शिक्षकाचे पुत्र. 1939-40 सालीं बडोद्याविरुद्ध त्यांनीं नाबाद 316 धावा काढल्या. तेच पुढें भारताचे कर्णधार झाले, आणि 1952 सालीं मद्रास येथें देशानें पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्या नेतृत्वाखालीं. स्वतःस न मिळालेला मान आपल्या हाताखालीं खेळलेल्या तरुणास मिळालेला पाहण्याचें भाग्य देवधरांस लाभलें.

देवधरांचें घरही मैदानापासून दूर नव्हतें. मुलींनीं खेळांत पडावें हें ज्या काळीं अनेकांस रुचत नसे, त्या काळीं त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या तिन्ही कन्यांनीं बॅडमिंटनमध्यें राष्ट्रीय कीर्ति मिळविली. पित्यानें घरीं जें वळण लाविलें, त्याचेंच हें फळ होय, असें आम्हांस वाटतें.

1965 सालीं पद्मश्री व 1991 सालीं पद्मभूषण देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला. 1973-74 पासून त्यांच्या नांवानें देवधर करंडकाची स्पर्धाही सुरू झाली. 24 ऑगस्ट 1993 रोजीं, वयाच्या 102 व्या वर्षीं, त्यांनीं पुण्यास देह ठेविला.

विद्यार्थ्यांनो, संघांत निवड झाली नाहीं म्हणून सराव सोडूं नका. आणि पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मुलाच्या हातीं पुस्तक द्या, तसाच मुलीच्याही हातीं चेंडू द्या. एका संस्कृतच्या अध्यापकानें आपल्या घरीं व मैदानावर हें करून दाखविलें आहे.